पूर्ण सिग्नल, फुटका आवाज

समुद्राजवळचं भाड्याचं युनिट सोडून आम्ही ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या मागच्या डोंगराला टेकलेल्या घरात राहायला गेलो आणि नवऱ्याचा स्कॅनर नीट बोलेनासा झाला.

स्कॅनर म्हणजे हातात मावणारा एक रेडिओ. फायर ब्रिगेडचे ट्रक आणि त्यांची कंट्रोल रूम यांचं आपापसातलं बोलणं त्यावर ऐकता येतं. आपल्याला त्यात बोलता येत नाही, फक्त ऐकायचं. नवरा पोर्ट केंबलाला पोलादाच्या कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. पण पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, मिळाल्यावर तो आमच्या भागातल्या स्वयंसेवकांच्या ब्रिगेडमध्ये शिरला. मी विरोध केला होता. "इथे घर घेतोय, मग इथली आग पण आपलीच की," असं म्हणून त्याने विषय संपवला आणि मला गप्प करायला म्हणून तो स्कॅनर आणला. "मी ट्रकवर असलो की तुला कळत राहील. फोनला रेंज नसते तिकडे."

युनिटमध्ये असताना खरंच कळत राहायचं. मी भाजी चिरत असायचे आणि ओट्यावरून शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा स्वच्छ आवाज यायचा. अमुक ट्रक निघाला, तमुक ट्रक पाणी भरायला गेला. इथे हे ऐकायला कोणाची हरकत नसते. मात्र ऐकलेलं गावभर करायचं नाही, हे नवऱ्याने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

नव्या घरात गेल्यावर तोच सेट तोंडात पाणी धरून बोलल्यासारखा बोलायला लागला. अर्धं वाक्य नीट, मग खळखळ, मग शांतता. आणि गंमत म्हणजे पडद्यावर सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या! जुन्या घरात दोन-तीनच असायच्या. इथे पूर्ण सिग्नल आणि आवाज फुटका.

नवऱ्याने मला समजावलं होतं की हे रेडिओ आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. पूर्वी प्रत्येकाचा एक चॅनल ठरलेला असायचा. आता सगळ्यांमध्ये मिळून चॅनलचा एक गठ्ठा असतो, त्याला ट्रंकिंग म्हणतात. कोणी बोलायचं बटण दाबलं की कॉम्प्युटर त्याला त्या क्षणी रिकामा असलेला चॅनल देतो. कोण कुठे गेलं हे सांगणारा एक चॅनल सतत चालू असतो. स्कॅनर त्याचं ऐकून बोलणाऱ्यांच्या मागे पळतो. हे सगळं आकड्यांमध्ये चालतं, त्यामुळे थोडेसे आकडे चुकले तर जुन्या रेडिओसारखी खरखर होत नाही. शब्दच गिळले जातात.

आम्ही सगळं करून पाहिलं. बॅटरी बदलली. केबल बदलली. लॅपटॉप लावून सगळे चॅनल पुन्हा पहिल्यापासून भरले. मग नवऱ्याने छपरावर टीव्हीच्या अँटेनाशेजारी पाइप उभा करून मोठा अँटेना लावला. आता तर कमालच होईल असं म्हणत खाली आला, आणि जे अर्धं वाक्य यायचं तेही यायचं बंद झालं. एका रविवारी आम्ही सेट घेऊन समुद्रावर गेलो. तिथे तो शहाण्यासारखा बोलायला लागला.

"म्हणजे सेट ठीक आहे," मी म्हटलं. "घरात काहीतरी आहे."

"काय असणार घरात? बघू पुढच्या वीकेंडला."

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. मशीन विचित्र आकडे द्यायला लागलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा बघायचं, ही माझी सवय. नवरा एका वेळी चार गोष्टी बदलायचा. त्यावरून आमचं वाजायचंही. मग उन्हाळा आला, त्याच्या शिफ्ट वाढल्या आणि स्कॅनर फ्रिजवर जाऊन बसला.

त्याच उन्हाळ्यात वसईहून सासूबाई आल्या. आम्ही त्यांना मम्मी म्हणतो. लेक 'व्हॉलंटिअर' आहे एवढंच त्यांना माहीत होतं. त्या समजून होत्या की चर्चच्या संघटनेतून करतात तशी काहीतरी सेवा असेल, झाडं लावणं, म्हाताऱ्यांना जेवण पोचवणं वगैरे. आल्यावर चार दिवसांनी त्यांना गॅरेजमध्ये पिवळी जाकिटं, हेल्मेट आणि काळे पडलेले बूट दिसले.

"हे कोणाचं?"

"त्याचंच, मम्मी."

त्यांनी हेल्मेट हातात घेतलं, आत वास घेऊन पाहिला आणि होतं तिथे ठेवलं. संध्याकाळी लेक घरी आल्यावर त्याच्या ताटात मासा वाढताना फक्त म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तर मी काय तुझा हात धरणार होते?"

तो म्हणाला, "हो."

यावर त्या हसल्या, पण नीट हसल्या नाहीत.

तो दिवस उजाडला तेव्हाच वारा पश्चिमेचा होता. इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. आतल्या कोरड्या प्रदेशातून डोंगरावरून खाली उतरणारा तो वारा तोंडावर आला की भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटतं. अंगणातली खुर्ची आपोआप सरकत होती. चहा अर्धा झालेला असताना नवऱ्याचा फोन ठरलेल्या सुरात वाजला आणि तो उठला. मम्मींनी त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. त्याने डोकं खाली करून काढू दिला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "डोंगरापलीकडे आहे, जंगलात. घरांपासून लांब. आज रेडिओवर मी आहे, ड्रायव्हरच्या शेजारी."

"म्हणजे तुझाच आवाज येणार."

"स्कॅनर चालला तर," म्हणत तो गेला.

दुपारच्या आधीच कड्याच्या वर धूर दिसायला लागला. आधी मातकट ढगासारखा, मग काळा. फोनवरच्या नकाशात आगीचं चिन्ह दिसत होतं, पण माझा माणूस त्या चिन्हाच्या कुठल्या बाजूला आहे हे त्यात कसं दिसणार? मी लॅबला फोन करून सुट्टी टाकली आणि फ्रिजवरून स्कॅनर खाली काढला.

सगळ्या दांड्या भरलेल्या. आवाज: "...वन, आम्ही... खळ्ळ... पश्चिमेला... खळ्ळ..." आणि गप्प.

मी स्वतःला म्हटलं, एका वेळी एकच गोष्ट. नवी बॅटरी घातली. तेच. छपरावरच्या अँटेनाची वायर काढून सेटची स्वतःची बोटभर काडी लावली. किंचित बरं, पण अजून फुटकंच. पुन्हा छपरावरची वायर लावली. आणखी वाईट. मग मला वाटलं, पाइप वाऱ्याने फिरला असेल. मी शिडी लावली.

"खाली उतर," मम्मी खालून ओरडल्या. "वारा किती आहे! एक तिकडे आगीत, एक इथे छपरावर. मी कोणाकोणाकडे बघू?"

मी तरी चढले. पाइप होता तसा ताठ उभा होता. पत्रा इतका तापला होता की हात टेकवता येईना. वरून मला सगळं दिसत होतं, एका बाजूला समुद्र, दक्षिणेला कारखान्याची धुराडी, पाठीमागे कडा आणि त्याच्यावरून ओसंडणारा धूर. उतरल्यावर मी छपरावरची वायर काढून सेटला पुन्हा ती काडी लावली.

स्कॅनरच्या हौशी लोकांचा एक ऑनलाइन ग्रुप आहे. नवरा त्यात होता, त्याच्या सांगण्यावरून मीही शिरले होते. तिथे मी घाईघाईत लिहिलं: डोंगराच्या उतारावर घर, पूर्ण सिग्नल, आवाज तुटतो, नवरा आत्ता ट्रकवर आहे, काय करू? कोणा अनोळखी माणसाने लगेच उलटा प्रश्न टाकला, "घरातून टॉवर किती दिसतात?"

मी बाल्कनीत गेले. उत्तरेला कड्यावर एक. दक्षिणेला टेकडीवर एक. समोर गावात एक. मी लिहिलं, तीन तरी असतील.

उत्तर आलं: "मग तुला सिग्नल कमी पडत नाहीये, जास्त होतोय. सगळे टॉवर एकच बोलणं एकाच चॅनलवर एकाच वेळी पाठवतात. तुझ्यापर्यंत ते थोडं मागेपुढे पोचतं. ट्रकवरचे रेडिओ ते सांभाळून घेतात, स्कॅनर गोंधळतो. अँटेना काढून टाक. खाली जा. एकच टॉवर ऐकू येईल अशी जागा शोध."

मला ते पटलं नाही. मी आत्ताच जीव मुठीत धरून वर चढून आले होते, आणि हा म्हणतो खाली जा! सिग्नल जास्त झाला म्हणून आवाज बिघडतो, हे लॅबमधल्या मला तरी कळायला हवं होतं. पण त्या घडीला हा माणूस माझी चेष्टा करतोय असंच वाटलं. मी फोन टेबलावर उपडा ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.

बाहेर आले तर स्कॅनर टेबलावर नव्हता.

"मम्मी, सेट कुठे आहे?"

"तिकडे आत ठेवला. डोकं उठलं माझं त्या खळखळीने. मशीनमधले कपडे काढायला जाताना घेऊन गेले होते, तिथेच राहिला."

आमची लॉन्ड्री घराच्या मागच्या बाजूला, डोंगर कापून काढलेल्या खाचेत आहे. तीन बाजूंना विटांची भिंत आणि त्यातल्या दोन भिंतींमागे थेट माती. तिसरीत दक्षिणेकडे एकच खिडकी, तीही वहीच्या पानाएवढी. मी दारापाशी पोचले आणि थबकले. वॉशिंग मशीनच्या शेजारी जमिनीवर ठेवलेल्या सेटमधून एक बाई स्पष्ट, शांत आवाजात वाऱ्याचा वेग सांगत होती.

ती कंट्रोल रूम होती. एकही शब्द तुटत नव्हता.

मी सेट उचलला आणि धावत किचनमध्ये आणला. खळ्ळ. परत लॉन्ड्रीत नेला. स्वच्छ. मला तेव्हा एकदम आमच्या गावच्या चर्चचा सण, फेस्त, आठवला. रस्त्याच्या कडेने खांबाखांबावर कर्णे लावायचे, आणि फादरचं तेच एक वाक्य प्रत्येक कर्ण्यातून असं थोडं मागेपुढे कानावर पडायचं, की चर्चपासून लांब उभ्या असलेल्या माणसाला आवाज भरपूर आणि अर्थ काहीच नाही. तिथे एखाद्या घराच्या आडोशाला गेलं, म्हणजे एकच कर्णा ऐकू येईल असं उभं राहिलं, की प्रवचन समजायचं. लॉन्ड्री हा तो आडोसा होता. डोंगराने उत्तरेचा टॉवर झाकला होता, घराने गावातला. खिडकीतून फक्त दक्षिणेचा येत होता.

मी अँटेनाची काडीही काढून टाकली आणि सिग्नल मुद्दाम कमी करणारं बटण चालू केलं. दांड्या दोनवर आल्या आणि आवाज आणखी सुधारला.

आणि मग इतका वेळ दारात उभ्या राहून बघणाऱ्या मम्मी आत आल्या आणि तो पुन्हा फुटला.

"मागे व्हा, मम्मी. दारात."

त्या मागे झाल्या. आवाज जुळला.

"आता?"

"आता तिथेच उभ्या राहा. हलू नका."

माणसाचं अंगही सिग्नल अडवतं. दारातून येणारा गावातल्या टॉवरचा उरलासुरला आवाज त्या आपल्या देहाने अडवत होत्या. मी खुर्ची आणून देते म्हटलं, पण खुर्चीत बसल्या की त्यांचं डोकं खाली जायचं आणि शब्द तुटायचे. त्यामुळे त्या उभ्या राहिल्या, चौकटीला दोन्ही हात लावून, घरातला गाऊन घातलेल्या, आणि मी त्यांच्या समोर फरशीवर बसले, मशीनला पाठ लावून.

बोलणं चालू होतं. ट्रक एकमेकांना जागा विचारत होते. या डिजिटल रेडिओवर सगळ्यांचे आवाज एकसारखे सपाट होतात, डब्यात बोलल्यासारखे. तीन-चार पुरुष आलटून पालटून बोलत होते आणि त्यातला माझा कोणता हे मला ओळखता येईना. आमच्या ब्रिगेडचं नाव ऐकू आलं तर ठीक, पण ट्रक दोन होते.

एक आवाज म्हणाला, पाणी निम्मं उरलंय, फिफ्टी पर्सेंट.

"हा तो," मम्मी म्हणाल्या.

"कशावरून?"

"'प'च्या आधी थांबला बघ. लहानपणी तो अडखळायचा. 'प'वर आणि 'ब'वर. पाणी मागायचं तर पाच मिनिटं लागायची पोराला. मी शिकवलं, आधी थांब, श्वास घे, मग बोल. अजून थांबतो."

इतकी वर्षं संसार करून हे मला ठाऊक नव्हतं. तो फोनवर बोलताना मध्येच थांबतो तेव्हा विचार करतोय असं मी समजायचे. पुढचा प्रत्येक आवाज मी तो थांबा शोधत ऐकला आणि मलाही तो सापडायला लागला.

मग कंट्रोल रूमने सगळ्यांना सांगितलं की दक्षिणेचा गार वारा अंदाजापेक्षा लवकर येतोय.

मम्मींनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय म्हणाली ती?"

"वारा बदलणार म्हणाली. थंड होईल आता."

"थंड होणार तर तुझं तोंड असं का झालं? मला गोड करून सांगू नकोस. जसं आहे तसं सांग. मी इथे शोभेला नाही उभी."

मी सांगितलं. वारा एका दिशेने असतो तोपर्यंत आगीचं तोंड कुठे आहे हे माहीत असतं. वारा फिरला की आगीची अख्खी कूसच तोंड होते, आणि तोवर सुरक्षित असलेली बाजू पेटते. त्या ऐकून म्हणाल्या, "म्हणजे ते कुशीला असतील तर."

खिडकीबाहेरचं झाड वाकलेलं होतं ते सरळ झालं, क्षणभर स्तब्ध राहिलं आणि उलट्या बाजूला वाकलं.

त्यानंतर फार वेळ गेला नसेल. कोणीतरी "रेड, रेड, रेड" म्हणालं. हे शब्द आले की बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं, एवढं मला माहीत होतं. मग तो थांबा आला, आणि 'ब'पासून सुरू होणारं आमच्या ब्रिगेडचं नाव. आग वाट ओलांडून पाठीमागे आली आहे. पुढची वाटही बंद आहे. आम्ही पाचही जण ट्रकमध्ये आहोत, काचांना ब्लँकेटं लावतोय.

कंट्रोलच्या बाईने ते शब्दाला शब्द परत म्हणून दाखवलं. मग काहीच नाही.

"सांग," मम्मी म्हणाल्या.

मी सगळं सांगितलं. ट्रकमध्ये बसून आग वरून जाऊ द्यायची असते, ट्रकच्या चहूबाजूंनी पाण्याचा फवारा सुटतो, आतली ब्लँकेटं त्यासाठीच असतात, त्यांनी याचा सराव केलेला असतो. हे मी त्यांना सांगत होते की स्वतःला, कुणास ठाऊक. त्यांचे ओठ हलायला लागले. 'नमो मारिये' पुटपुटत होत्या, पण चौकटीवरचे हात त्यांनी काढले नाहीत.

कंट्रोलने ट्रकला हाक मारली. उत्तर नाही.

पुन्हा हाक. उत्तर नाही.

स्कॅनरवरच्या शांततेचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे तिकडून कोणी बोलत नाहीये. दुसरा म्हणजे तिकडून बोलतायत आणि आपल्याला ऐकू येत नाहीये. मला दुसरा अर्थ हवा होता. मी सेटकडे बघितलं. दांड्या दोन. बॅटरी आहे. बोलणाऱ्यांच्या मागे पळण्याचा छोटा दिवा लागलेला आहे. मी सेट चार बोटं डावीकडे सरकवला, मग पुन्हा होता तिथे आणला. तेवढ्यात कंट्रोलने तिसऱ्यांदा हाक मारली आणि ती इतकी लख्ख ऐकू आली की मला रडू फुटलं. ट्रकचं बोलणंही याच टॉवरवरून येतं. बाईचा आवाज स्वच्छ आला याचा अर्थ सेट ठीक होता. त्या क्षणी तो बिघडलेला असता तर मी देवाचे आभार मानले असते.

फोन वाजला. त्या ट्रकच्या ड्रायव्हरची बायको होती. आमच्यापासून थोड्या अंतरावर राहते. ब्रिगेडच्या पिकनिकला आम्ही दोघी सॅलड कापत बसायचो, तेवढीच ओळख.

"तुझ्याकडे स्कॅनर आहे ना? कॅन यू हिअर देम?" तिच्या आवाजावरून कळत होतं की तिला कुठून तरी अर्धवट काहीतरी कळलंय.

ऐकलेलं गावभर करायचं नाही, हे मला आठवत होतं. पण तिचाही माणूस त्या पाचांत होता. मी म्हटलं, "ते ट्रकमध्ये आहेत, पाचही जण. आग त्यांच्याजवळ आली आहे आणि ते आत बसलेत. हे त्यांनी स्वतः सांगितलं. आता कंट्रोल त्यांना हाका मारतेय. अजून उत्तर ऐकू आलेलं नाही. मला एवढंच माहीत आहे, यापेक्षा जास्त नाही."

तिचा श्वास ऐकू येत होता.

"मी फोन ठेवत नाही," मी म्हटलं. "तूही ठेवू नकोस."

"ओके," ती म्हणाली. "ओके, लव्ह."

फोन कानाला लावून, सेट गुडघ्यांशी धरून मी बसले. मम्मी आता दमल्या होत्या. वजन एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेताना त्या किंचित हलल्या की बाईचा आवाज चिरफाळायचा, आणि त्या लगेच जागेवर यायच्या. मी म्हटलं, "मम्मी, थोडं बसा, मी दार लावून बघते." त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. दार पातळ प्लायवूडचं होतं, त्याने काहीच अडलं नसतं, हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. जे चाललंय त्यातलं काही बदलायला त्या तयार नव्हत्या, इतकंच.

दुसऱ्या एका ट्रकने कंट्रोलला सांगितलं की आम्ही वाटेच्या तोंडाशी पोचलो आहोत, पण धुरामुळे आत काही दिसत नाही. मग तोच आवाज म्हणाला, थांबा. मग म्हणाला, दिवे दिसतायत.

आणि मग एक खळखळ आली. शब्द नव्हता तो, नुसता तुटका आवाज. मम्मी हलल्या नव्हत्या, सेट हलला नव्हता. बहुधा खोल दरीतून, खालून बोलणारा रेडिओच टॉवरपर्यंत नीट पोचत नव्हता. खळखळ थांबली. मला त्यातलं काहीच कळलं नाही.

कंट्रोलच्या बाईला मात्र कळलं होतं. तिने ठरलेल्या रीतीने ऐकलेलं परत म्हणून दाखवलं: पाचही जण सुखरूप, ट्रकचं नुकसान, कोणाला मोठी दुखापत नाही, बाहेर काढायला मदत हवी. पहिल्यांदाच तिचा आवाज शेवटाकडे थोडा हलला.

"पाचही," मी फोनमध्ये म्हटलं. "ऑल फाइव्ह. ऑल फाइव्ह ओके." पलीकडून मोठ्याने रडण्याचा आवाज आला आणि फोन कुठेतरी खाली पडला.

मम्मींना भाषांतर लागलं नाही. त्यांनी चौकट सोडली आणि त्या तिथेच दारात फतकल मारून बसल्या. स्कॅनर पुन्हा खळखळायला लागला. मी तो बंद केला. बराच वेळ आम्ही दोघी फरशीवर बसून होतो. त्या आपला एक गुडघा चोळत होत्या, आणि मी पुढे होऊन दुसरा गुडघा चोळायला लागले, तर त्यांनी माझा हात तिथेच धरून ठेवला.

ऊन उतरायच्या सुमाराला कोणाची तरी यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, त्याला दारात सोडून गेली. चेहरा काळा, डोळे लाल, भुवया जळून आखूड झालेल्या. जाकिटाच्या एका बाहीचा पिवळा रंग भाजून तपकिरी झाला होता. आम्हाला काही माहीत नसेल असं धरून तो ठरवून आल्यासारखा बोलला, "थोडा धूर होता. ट्रक बिघडला म्हणून उशीर झाला."

मम्मी त्याच्याजवळ गेल्या. आधी त्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले, मग मान, मग कानांच्या मागे, तो लहान असताना शाळेतून आल्यावर बघत असतील तसं. मग म्हणाल्या, "आम्ही ऐकलं."

"काय ऐकलं?"

"सगळं," मी म्हटलं.

तो पायरीवर बसला. बुटांच्या नाड्या सोडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या एका बाजूला बसले, मम्मी दुसऱ्या बाजूला. थोड्या वेळाने त्याने थांबत थांबत सांगितलं की आग वरून जाताना आत इतका आवाज होता की कंट्रोलची हाक ऐकूच आली नाही, आणि रेडिओ हातात असून कोणाशी बोलायचं ते सुचत नव्हतं. "वाटलं, आपलं कोणी ऐकतच नाहीये."

मम्मींनी पदर नव्हता म्हणून गाऊनच्या टोकाने त्याचा चेहरा पुसला. कापड काळं झालं, चेहरा फारसा स्वच्छ झाला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने छपरावरचा पाइप उतरवला. लॉन्ड्रीत मशीनच्या वर एक छोटी फळी ठोकली आणि खिडकीपाशी एकाच दिशेचं ऐकणारा छोटा अँटेना लावला, दक्षिणेच्या टॉवरकडे तोंड करून. दारात आता कोणालाही उभं राहायला लागत नाही. आम्ही तिघांनी तिथे दाटीवाटीने उभं राहून ते तपासलं. कुठलातरी ट्रक गवत पेटल्याच्या तक्रारीवर निघाला होता, एकही शब्द न तुटता.

मम्मी परत जायच्या आधी आणखी दोनदा त्याला बोलावणं आलं. मला वाटलं होतं त्या आता त्याला जाऊ देणार नाहीत. पहिल्या वेळी त्या दारापर्यंत गेल्या, त्याच्या जाकिटाची चेन वरपर्यंत ओढली आणि म्हणाल्या, "बोलत राहा." मग आत येऊन गॅस बंद केला, किचनमधली खुर्ची उचलली आणि लॉन्ड्रीत नेऊन ठेवली. माझ्यासाठी दुसरी आणायला मात्र मलाच सांगितलं.